वारुळाचा कौल

त्या मुलखात आजार एकच होता आणि तो आतून येत असे. त्याला पोखर म्हणत. पोखर लागलेला प्राणी बाहेरून धडधाकट दिसे, खाई-पिई, चार ठिकाणी हिंडून येई, आणि छातीच्या आत मात्र भुंग्याने लाकूड कोरावे तसा हळूहळू रिकामा होत जाई. खोकला सुरू होई तो अगदी शेवटी. तोवर उशीर झालेला असे.

औषधही एकच होते. राजाच्या टेकडीवर एक जहाल कंद उगवे. थंडीत, पळस फुलायच्या आत तो खाल्ला तर पोखर मागे हटे. पळस फुलल्यावर खाल्ला तर काही उपयोग नसे, आणि ज्याला पोखर नाही त्याने खाल्ला तर त्याची चांगली छाती बिघडे. कंद वर्षाला मोजकेच येत. म्हणून टेकडीवर पहारा होता, आणि पोखर कुणाला आहे नि कुणाला नाही हे आधी ठरवावे लागे.

ते पानावरून ठरे. डोहाच्या काठी रुंद पानांचे एक झाड होते. त्याचे पिकत आलेले पान अंगाखाली घेऊन भर दुपारी सपाट खडकावर घटकाभर निजले, की ऊन अंगातून आरपार जाई आणि आतली सावली पानावर उमटून राही. बरगड्या फिक्या उमटत, काळीज गडद, आणि छातीचे दोन्ही भाते करडे. पोखर असेल तर त्या करड्यात कुठेतरी दव सुकल्यावर राहतो तेवढा डाग असे. तो डाग दिसणे हेच सगळे काम होते, आणि ते फार थोड्यांना जमत असे.

खंड्याला ते जमे. सगळे त्याला तात्या म्हणत. डोहावर वाकलेल्या फांदीवर तो बसे, पान खाली संथ पाण्यावर तरंगत ठेवायला लावी आणि वरून बघत राही. पाण्यातला मासा दिसतो तिथे कधीच नसतो, हे त्याच्या जातीला अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून ठाऊक असते. त्यामुळे पहिल्या नजरेवर त्याचा विश्वास नव्हता. पान पाहून झाले की तो पानाच्या मालकाकडे पाही. निजतोस कुठे, खातोस काय, गेल्या थंडीत कसा होतास, असे खडसावून विचारी आणि पुन्हा पानाकडे वळे. स्वभावाने तो तऱ्हेवाईक होता, तुसडाही होता. आपल्यासारखा डोळा या मुलखात दुसरा नाही अशी त्याची समजूत होती आणि दुर्दैवाने ती खरी होती. वर्षाकाठी दोन-चार चुका त्याच्याही होत. त्या चुकांची पाने तो वेगळी ठेवी आणि कुणी जवळ नसताना काढून बघत बसे.

पाने सांभाळायचे काम घोरपडीचे होते. तिला अक्का म्हणत. ती हळू चाले, कमी बोले आणि एकदा धरलेली गोष्ट सोडत नसे. तात्याच्या तोंडाला लागणारी मुलखात ती एकटीच. दोघांची पद्धत ठरलेली होती. एखाद्या पानावर तात्याची नजर अडली की निकाल सांगायच्या आधीच तो म्हणे, "ठेव." मग अक्का ते पान काठावरच्या कडुनिंबाच्या ढोलीत, कडुनिंबाच्या पाल्याच्या थरांत घालून ठेवी. पुढच्या थंडीत त्याच प्राण्याचे नवे पान आले की जुने शेजारी लावून बघावे लागे, आणि तोवर त्याला कसर लागता कामा नये. नजर अडली नाही तर तो म्हणे, "जाऊ दे." ते पान अक्का उंबराच्या ढोलीत कोंबून टाकी. तिथे त्याला कसर लागली काय नि न लागली काय. असे तीस हिवाळे चालले होते.

त्यानंतर कोकीळ आला.

कोकिळाच्या घराण्यात घरटे बांधायची पद्धत नाही. अंडे दुसऱ्याच्या घरट्यात, पिल्लू दुसऱ्याच्या जिवावर, आणि मोहोर आला की गाणे मात्र आपले. गळा गोड असला की एवढ्यावर सात पिढ्या चैनीत निघतात. हा कोकीळ बरेच मुलूख हिंडून आला होता आणि प्रत्येक मुलखात आधीच्या मुलखाचे दाखले देत असे. दरबारात उभे राहून तो राजाला, म्हणजे गव्याला, म्हणाला, "महाराज, एवढा मोठा मुलूख आणि डोळे दोन! उद्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तर प्रजेने कुणाकडे बघायचे?"

प्रश्न रास्त होता, हे मान्य केले पाहिजे. डोहाकाठची रांग दर थंडीत लांबत चालली होती. आपली पाळी येईपर्यंत पळस फुलला म्हणून दोन ससे आणि एक सांबर गेल्याच वर्षी दगावले होते. गवा आकाराने प्रचंड होता आणि राजा म्हणून मुलखाला तेवढे पुरत असे. त्याने मान डोलावली. तो नेहमीच मान डोलावी, कारण एवढे जड डोके नकारार्थी हलवायला फार कष्ट पडतात.

कोकिळाने माळावरचे सात मजली वारूळ दाखवले. यातल्या मुंग्या पाने वाचतील, असे तो म्हणाला. वरच्या भोकातून पान आत सरकवायचे. पहिल्या मजल्यावरच्या मुंग्या त्याच्यावरून फिरतील आणि जे जाणवेल ते खालच्या मजल्याला कळवतील. खालच्या त्यातले त्यांना महत्त्वाचे वाटेल तेवढे आणखी खाली कळवतील. सातव्या मजल्यावरून शेवटी एक मुंगी बाहेर येईल. काळी आली तर प्राणी निरोगी, लाल आली तर पोखर.

"आणि त्यांना हे शिकवणार कोण?" राणीने विचारले. दरबारात एवढा एकच प्रश्न विचारला गेला.

"त्या आपल्या आपण शिकतात," कोकीळ म्हणाला. "फक्त तात्यांची जुनी पाने हवीत."

पाने मागायला कोकीळ स्वतः डोहावर आला. तात्यांची तीस हिवाळ्यांची विद्या, तात्यांचा डोळा अमर होणार, असे बरेच काही तो गायला. तात्या फांदीवर छाती काढून बसला. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरे बोलून त्याने सगळ्यांना दुखावले होते, कौतुकाची त्याला सवय नव्हती, आणि सवय नसलेल्याला ते लगेच चढते. दोन्ही ढोल्या त्याने उघडून दिल्या. ही पाने कशी ठेवतोस, असे कोकिळाने विचारले नाही. तात्यानेही सांगितले नाही. ती अक्काची कामे, त्यात सांगायचे काय, असे त्याला वाटले.

मग शिकवणी सुरू झाली. कडुनिंबाच्या ढोलीतले पान आत घालायचे. लाल मुंगी आली तर वारुळात मधाचा थेंब सोडायचा, काळी आली तर पाणी शिंपडायचे. उंबराच्या ढोलीतल्या पानाला याच्या उलट. मुंग्या बिचाऱ्या कष्टाळू. त्यांना पोखर म्हणजे काय हे माहीत नव्हते, छाती म्हणजे काय हेही माहीत नव्हते. मध हवा आणि पाणी नको, एवढेच त्यांना कळत होते. कुठल्या मुंगीने काय हेरले हे वारुळातल्या कुठल्याच मुंगीला सांगता आले नसते. पण महिन्याभरात चुका कमी झाल्या आणि दोन महिन्यांत थांबल्याच.

परीक्षा थाटात झाली. दोन्ही ढोल्यांतली शंभर पाने आधीच बाजूला काढून ठेवली होती. मुंग्यांनी ती कधी पाहिली नव्हती. शंभरच्या शंभर बरोबर आली. दरबार उड्या मारू लागला. वारुळाच्या उद्घाटनाला भारद्वाजाला बोलावले होते. त्याला यातले ओ की ठो कळत नव्हते, पण त्याचे दर्शन शुभ असते आणि तो ते देत उभा राहिला. तात्याला चंदनाची फांदी देऊन निवृत्त करण्यात आले. चंदनाच्या फांदीखाली पाणी नव्हते, त्यामुळे तिथून काही दिसत नसे. अक्काला निवृत्त करायचे कुणाला सुचलेच नाही, आणि तिचे काम आपोआप संपले.

त्या थंडीत एक नवल घडले. मुलखातला पोखर नाहीसा झाला.

रांग सकाळी लागे आणि न्याहारीपर्यंत संपे. खडकावरून उचललेले ताजे पान थेट वारुळात जाई आणि काळी मुंगी बाहेर येई. ससा काळी, भेकर काळी, रानडुक्कर काळी. कोकिळाने दरबारात गाणे म्हटले की पूर्वी शंभरात आठ-दहा आजारी निघत, आता शंभरात एखादा. दरबाराने हे डोक्यावर घेतले. टेकडीवर कंद नुसते पडून राहिले आणि पहारेकऱ्यांना झोप येऊ लागली. पळस फुलला, झडला, आणि मग रानडुक्कर खोकू लागले. त्याला त्याची काळी मुंगी दाखवण्यात आली. तो खोकतच राहिला आणि उन्हाळ्यात मेला. त्याच्या मागून दोन भेकरे गेली, एक उदमांजर गेले. दरबाराने अशांसाठी एक शब्दप्रयोग तयार केला आणि तो लवकरच रुळला. डुकराचे निरोगी अवस्थेत निधन झाले, असे दवंडीत सांगत.

लाल मुंगी अगदीच येत नव्हती असे नाही. पोपटांच्या एका थव्याला एकाच सकाळी लाल मुंग्या आल्या. सगळा थवा टेकडीवर गेला, कंद खाऊन आला आणि त्या दिवसापासून जो आजारी पडला तो पुन्हा कधी धड झालाच नाही. वारुळाने वेळीच ओळखले म्हणून एवढे तरी जगले, असे कोकीळ म्हणाला. पोपटांनीही तसेच म्हटले. त्यांना सांगितलेले पुन्हा म्हणायला जड जात नाही.

पुढची थंडी आली. तात्या चंदनाच्या फांदीवर कंटाळून डोहावर परत आला होता. लोक येत नसत, पण अक्का येई. एका दुपारी ती खडकावर निजली, उठली, पान पाण्यावर ठेवले आणि म्हणाली, "बघा जरा. सवय तरी राहील."

तात्याने बघितले. मग अक्काकडे बघितले. मग पुन्हा पानाकडे. डाव्या भात्याच्या तळाशी, दोन बरगड्यांच्या मधे, दव सुकल्यावर राहतो तेवढा डाग होता. तीस वर्षांत त्याने हा शब्द हजार वेळा उच्चारला असेल. आज त्याने तो उच्चारला नाही.

"ठेव म्हणायचंय ना?" अक्का म्हणाली. "म्हणा की."

"वारुळाकडे जा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. लाल मुंगी घे आणि टेकडी गाठ. पळसाला अजून महिना आहे."

अक्का गेली आणि काळी मुंगी घेऊन परत आली.

तात्या भडकला. मुंग्यांना शिव्या दिल्या, कोकिळाला दिल्या, त्याच्या मागच्या-पुढच्यांना दिल्या. अक्काने सगळे ऐकून घेतले. मग ती वारुळामागच्या कोरड्या ओढ्यात उतरली. निकाल लागलेली पाने दरबार तिथे, लाल निकालाची एकीकडे नि काळ्याची दुसरीकडे, फेकून देत असे. फेकलेली पाने लावून ठेवायची तिची जन्माची सवय. तीन दिवस ती तिथे एकेका पानावरून जीभ फिरवत बसली. घोरपडीला वास येतो तो जिभेने. पाखरांना तो जवळजवळ येतच नाही, आणि हा सारा कारभार पाखरांनी मांडलेला होता.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तात्या, लाल मुंगी आलेल्या प्रत्येक पानाला कडुनिंबाचा वास आहे. पोपट राहतात कुठे? कडुनिंबावर. आणि आपली पाने आपण तीस वर्षे कशात ठेवली?"

तात्याला उलगडा झाला. मुंग्यांनी डाग कधी पाहिलाच नव्हता. वास असेल तर मध, नसेल तर पाणी, एवढे त्यांनी शिकून घेतले होते. शिकवणाऱ्यांनी त्यांना दुसरे काही शिकवले नव्हते. परीक्षेची पानेही त्याच ढोल्यांतली, म्हणून शंभरात शंभर. यात मुंग्यांचा काय दोष? हीच पाने धुऊन, उन्हात वास घालवून पुन्हा शिकवणी केली असती, तर त्या कष्टाळू जिवांनी डागही हेरला असता. कदाचित तात्याला निसटणारे दोन-चार डागही त्यांनी हेरले असते. हे त्याच्या मनात आले आणि त्याला ते बोचले. तरी ते त्याने स्वतःशी कबूल केले.

"आता सोपे आहे," अक्का म्हणाली. "माझे पान दोन दिवस ढोलीत ठेवा. लाल मुंगी येईल. मी कंद खाते आणि विषय संपवते."

"लबाडी करू?" तात्या म्हणाला. "तीस वर्षांत एक खोटे पान मी पुढे केले नाही. आणि बाकीच्यांचे काय? ते मरू देत?"

"बाकीच्यांचे बघा की. माझा कंद खाऊन झाल्यावर बघा."

"नाही. भर दरबारात दाखवतो. तुझ्याच पानावर दाखवतो. सगळ्यांची तोंडे बघायची आहेत मला."

हे शेवटचे वाक्य खरे होते. आधीची दोन्हीही खरी होती, पण त्या रागात त्याला डोळ्यांसमोर दिसत होते ते कोकिळाचे पडलेले तोंड. अक्का त्याला ओळखून होती. ती काही बोलली नाही, आणि न बोलल्याचा तिला पुढे पश्चात्ताप झाला.

दरबार वारुळापाशी भरला. तात्याने अक्काचे पान मुंग्यांपुढे सरकवले. काळी मुंगी आली. मग त्याने त्याच पानावर कडुनिंबाची डहाळी चोळली आणि ते पुन्हा आत घातले. लाल मुंगी आली. तात्याने सगळे सांगितले: ढोल्या, पाला, मध, पाणी, मेलेले डुक्कर. पाने धुवा, एक थंडी पुन्हा शिकवा, आणि तोवर मला डोहावर बसू द्या, असे तो म्हणाला. आयुष्यात प्रथमच तो इतके नम्रपणे बोलला.

राणीने गव्याकडे पाहिले. गव्याने कोकिळाकडे पाहिले. कोकिळाचे तोंड पडले होते, पण गोड गळ्याची तोंडे फार वेळ पडून राहत नाहीत.

"महाराज," तो म्हणाला, "तात्यांचे उपकार मानावे तितके थोडे. वारुळात दोष नाही हे त्यांनीच सिद्ध केले. शंभरात शंभर देणारे वारूळ, आणि त्याला फसवतो कोण? कडुनिंब! हे झाडच फितूर आहे. आज तात्यांनी सरळ मनाने डहाळी चोळली, उद्या कंदासाठी कुणीही चोर चोळेल."

दरबारातून "बरोबर, बरोबर" असा घोष झाला. पुन्हा शिकवायचे म्हणजे पहिली शिकवणी चुकली असे म्हणायचे, आणि उद्घाटनाला तर सगळेच हजर होते. भारद्वाजानेसुद्धा मान डोलावली. गव्याने हुकूम सोडला की मुलखातला प्रत्येक कडुनिंब तोडावा.

"आणि अक्काचे काय?" तात्याने विचारले. "तिला पोखर आहे. कंद द्या."

"कुठल्या आधाराने?" कोकीळ म्हणाला. "शुद्ध पानावर काळी मुंगी आली आहे. लाल आली ती डहाळी चोळल्यावर. ते पान आता बाटले. ते पुरावा म्हणून दरबारात राहील. अक्का निरोगी आहेत. त्यांचे अभिनंदन."

सगळ्यांनी अक्काचे अभिनंदन केले. घरी जाताना ती चढावर दोनदा थांबली. तात्या तिच्या बरोबरीने जमिनीवरून चालत होता. खंड्याच्या जातीला धड चालता येत नाही, त्यामुळे दोघांना बराच वेळ लागला.

"लाकूडतोड सुरू व्हायच्या आत एक डहाळी आणतो," तो म्हणाला. "नवे पान घेऊ. तू म्हणालीस तसे करू."

"आता म्हणता," अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे त्याला ते जास्त लागले.

पण वारुळाच्या तोंडाशी दुसऱ्याच दिवशी पहारा बसला. प्रत्येक पान आत जाण्याआधी तरस त्याचा वास घेई. तात्या दोनदा डहाळी चोळलेले पान घेऊन गेला आणि दोनदा त्याला हाकलून लावले. कडुनिंब भराभर पडत गेले. काठावरचा, ढोलीचा कडुनिंबही पडला. अक्का त्याच्या बुंध्यावर जाऊन बसे. आता ती खोकू लागली होती. पळसाच्या डहाळ्यांवर मखमली काळ्या कळ्या धरल्या होत्या.

तोडलेल्या लाकडाचा प्रश्न दरबारापुढे आला. लाकूड उत्तम होते. कडुनिंबाला वाळवी लागत नाही, हे कुणीतरी मोठ्या शहाणपणाने सांगितले. वारुळाला ऊन-पावसात उघडे ठेवणे मुलखाच्या इभ्रतीला शोभत नाही, असे कोकिळाने सुचवले. मग त्याच लाकडाचा एक भव्य मंडप वारुळावर उभा राहिला. खांब कडुनिंबाचे, तुळया कडुनिंबाच्या, आणि पान ठेवायचा चौरंगही कडुनिंबाचाच. ताजे तासलेले लाकूड उन्हात दरवळत होते. तरसाच्या नाकात तो वास सकाळपासून इतका बसला होता की दुपारपर्यंत त्याला कसलाच वास येईनासा झाला.

मंडपाच्या उद्घाटनाला पहिले पान राजाचे. गवा खडकावर निजला आणि उठला. चार सांबरांनी त्याचे भले मोठे पान मिरवत आणून चौरंगावर ठेवले. भारद्वाज दर्शन देत उभा होता. पान आत गेले.

लाल मुंगी बाहेर आली.

मग राणीचे पान घातले. लाल. कोकिळाने हसत हसत आपले पान पुढे केले. लाल. भारद्वाज, तरस, चारही सांबरे, लाल, लाल, लाल. वारूळ चुकत नाही असा मुलखात कायदा होता, आणि तो कायदा ज्यांनी केला ते सगळे हातात लाल मुंगी घेऊन उभे होते. गव्याने जड डोके हलवले. त्याने ते होकारार्थीच हलवले. "आम्हाला पोखर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. जमलेल्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

मग सगळी प्रजा लोटली. संध्याकाळपर्यंत मुलखात एकही निरोगी प्राणी उरला नाही. अक्काही आली. तात्याने तिचे नवे पान चोचीत धरून आणले होते. ते त्याने चौरंगावर ठेवले. लाल मुंगी आली. तीन आठवडे जिच्यासाठी दोघांनी उंबरे झिजवले ती मुंगी अक्काच्या पंज्यावर चढून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीपाशी रांग लागली. ती मानाप्रमाणे लावली होती. पुढे राजा, मग राणी, मग कोकीळ, मग दरबार, मग मोठी जनावरे, मग लहान. डोहाकाठचे लोक शेवटी. पहारेकरी कंद खणत होते आणि एकेकाला देत होते. गव्याने त्याच्या आकाराला साजेसे अकरा कंद खाल्ले, तोंड वाकडे केले आणि घोटभर पाणी मागितले. थोड्या वेळाने त्याच्या रुंद, निरोगी छातीतून पहिला खोकला आला. तो ऐकून दरबाराला हायसे वाटले. औषध वेळेवर मिळाले, असे सगळे एकमेकांना सांगू लागले.

तात्या रांगेवरून उडत जाई, टेकडीवर किती कंद उरले ते बघे आणि परत येई. पहिल्या दोन खेपांना त्याने येऊन सांगितले. तिसऱ्या खेपेला तो अक्काच्या शेजारी दगडावर नुसता येऊन बसला. टेकडीवर आता नुसते खड्डे दिसत होते. वाटेवरच्या पळसाला रात्रीतून पहिली केशरी फुले आली होती आणि त्यांच्या पाकळ्या रांगेतल्यांच्या पाठीवर पडत होत्या.

अक्काला उबळ आली. तिने ती दाबायचा प्रयत्न केला, पण ती आवरेना. तिचे सगळे अंग हलले आणि पंज्यावरची लाल मुंगी खाली पडली. पुढे उभ्या असलेल्या गुबगुबीत सशाने आपली मुंगी सांभाळत मागे वळून पाहिले.

"जरा दमाने, अक्का," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "इथे सगळेच आजारी आहेत."